साक्षीतून गाळलेला परिच्छेद

तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या माणसाला तुम्ही कधी गप्प केलं आहे का? दमदाटी करून नव्हे. हसून, मायेनं, त्याच्या भल्याचाच सल्ला देतोय असं दाखवून?

मी केलं आहे. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच नाही. ज्या मैत्रिणींबरोबर मोर्च्यांत घसा फोडला त्यांनाही नाही. माझी पत्रकं वाचणाऱ्यांना वाटतं, ही मुलगी रोखठोक आहे. मग आता स्वतःबद्दल रोखठोक लिहायला बसले तर तीन दिवसांत चार ओळी का झाल्या?

आधी बाबांबद्दल सांगते. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

बाबा पुण्यात पत्रकं लिहायचे. पेठेतलं पाणी, शाळांची फी, सफाई कामगारांची सुट्टी, जे टोचेल त्यावर. सुट्टीत बाकीची मुलं पत्ते कुटायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे. मी अकरा वर्षांची असताना आईला सिडनीत आयटीमधली नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या क्वेकर्स हिल या उपनगरात आलो. बाबांनी इथेही पत्रकं सोडली नाहीत. लायब्ररीतल्या मशीनवर कॉप्या काढायच्या आणि रविवारी घरोघरच्या लेटरबॉक्समध्ये टाकायच्या. 'नो जंक मेल' लिहिलेल्या पेटीपुढे ते थबकायचे, हातातल्या कागदाकडे बघायचे, "हे जंक नाही," असं स्वतःशी म्हणायचे आणि टाकायचे.

त्यांचा एक नियम होता. पत्रकाचा पहिला परिच्छेद विरोधकाचा. त्याचं सगळ्यात बळकट म्हणणं त्यात असलं पाहिजे, इतकं नीट मांडलेलं की वाचून त्यालाच वाटावं, अरे, हे मलाही एवढं जमलं नसतं. त्याच्या खाली मग आपलं उत्तर. "पहिला परिच्छेद जमत नसेल तर छापू नकोस," ते म्हणायचे. हा नियम मी युनिव्हर्सिटीतल्या वादविवादांत मिरवला आहे, मुलाखतींत सांगितला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत.

आता विनायककाका.

ते आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायचे. प्राण्यांचे डॉक्टर. मूळचे साताऱ्याकडचे, इथे तीस वर्षं झालेली. शहरातली कुत्री-मांजरं बघण्यात त्यांचं मन रमत नसे. हॉक्सबरी नदीच्या पलीकडे फार्मवर जाऊन घोडे आणि गाईगुरं बघायचे. कोविडच्या त्या दिवसांत, काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पर्थला होती आणि राज्यांच्या सीमा बंद होत्या. लॉकडाऊनमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसाला घरी यायला-जायला एकच माणूस निवडता येई, फक्त एक. काकांचा फोन आला, "काय कॉम्रेड, सरकारने एकच माणूस अलाऊ केलाय. तुझा नंबर लागलाय. येताना ग्लुकोजची बिस्किटं आण. ही इथली नकोत, चहात धीर सोडतात."

ओळखीच्या एवढ्या माणसांतून त्यांनी मला निवडलं होतं. हे लक्षात ठेवा.

काकांच्या गॅरेजमध्ये, जुन्या क्रिकेट पॅडच्या शेजारी, भिंतीला बोल्ट केलेली एक पोलादी पेटी होती. तिच्यात त्यांची रायफल असायची. कामासाठी, रीतसर परवान्याची. मला ती पेटी अजिबात सहन होत नसे. मी घरात शिरले की काका गॅरेजचं दार मुद्दाम लावून घेत. "दिसली की तुझं भाषण सुरू होईल."

त्या हिवाळ्यात राज्यात एका कायद्याचा मसुदा आला. उपनगरांत राहणाऱ्यांनी आपल्या बंदुका घरी न ठेवता नेमबाजी क्लबच्या तिजोरीत ठेवायच्या, आणि लागेल तेव्हा तिथून न्यायच्या. मी पूर्ण ताकदीने त्याच्या बाजूने होते. अजूनही आहे, हेही सांगून ठेवते. सगळी दारं बंद असलेला तो काळ होता. आमच्या मागच्या घरात एक पुरुष रोज ओरडायचा आणि मग एकदम सगळं शांत व्हायचं. ती शांतता ऐकत मी पोटमाळ्यासारख्या माझ्या खोलीत बसून पत्रक लिहिलं होतं. घरातली बंदूक आधी घरातल्यांकडेच वळते, असं त्याचं पहिलंच वाक्य होतं.

हो, पहिलंच. विरोधकाचा परिच्छेद मी त्या वेळी लिहिला नव्हता. घाई होती, असं बाबांना सांगितलं.

मसुद्यावर विधिमंडळाच्या समितीने लोकांचं म्हणणं मागवलं. सगळं व्हिडिओवरून. विरोधात बोलायला खूप जणांनी नावं दिली. त्यांची लेखी निवेदनं मी वाचली. कुणी हक्काबद्दल बोलत होतं, कुणी छंदाबद्दल, कुणी आजोबांच्या बंदुकीबद्दल. मला हसू आलं. यांना उत्तर देणं सोपं होतं.

मग एका सकाळी काका म्हणाले, "मीपण नाव दिलंय. विरोधात. रागावू नकोस."

त्यांनी माझ्या हातात चार कागद ठेवले. तीन इंग्रजीत टाइप केलेले, एखाद्या तपासणी अहवालासारखे नेटके आणि कोरडे. चौथा हाताने लिहिलेला होता. निळ्या शाईत, मराठीत.

"एवढा भाग मला इंग्रजीत लिहिताच आला नाही बघ," ते म्हणाले. "तीस वर्षं इंग्रजीत प्रिस्क्रिप्शनं लिहितोय, पण हे नाही जमलं. तू कर. तुला दोन्ही भाषा येतात."

मी ओट्यापाशी उभी राहून तो कागद वाचला. पुन्हा वाचला. तुम्हाला ठाऊक आहे का ते — आपण आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोललो ते अचानक समोर उभं राहतं, आणि ते मूर्ख नसतं, दुष्ट नसतं, ते आपल्याच ओळखीचं असतं? बाबांचा पहिला परिच्छेद हाच होता. निळ्या शाईत, माझ्या हातात.

आणि मी म्हणाले — अगदी शांतपणे म्हणाले — "काका, हे इंग्रजीत येत नाही हो. फार भावनिक वाटेल. ते लोक नियम बघतात, मुद्दे बघतात. हे काढून टाकू या."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "असं म्हणतेस?"

"हो."

"बरं. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलंय."

ते इंग्रजीत येत होतं. वाचता वाचताच माझ्या डोक्यात त्याचं इंग्रजी तयार झालं होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. म्हणूनच तर मी घाबरले.

इथे थांबावंसं वाटतंय. हे एवढंच होतं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतंय. चुकीचा सल्ला कोण देत नाही? पण हे एवढंच नव्हतं.

साक्षीच्या दिवशी सकाळी काकांनी कोट आणि टाय घातला. खाली ट्रॅक पँट आणि सपाता. "वरचा अर्धा भाग नागरिक, खालचा अर्धा पेशंट," म्हणाले. डायनिंग टेबलावर लॅपटॉप होता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले, लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. त्यांनीच बसवलं होतं. "समोर ओळखीचं तोंड असलं की बरं."

त्यांचा नंबर आला. त्यांनी तीन पानं वाचली. कोरडं होतं सगळं. कोरडं नव्हतं ते पान मीच गाळलेलं. संपल्यावर समितीच्या अध्यक्ष बाईंनी आभार मानले. मवाळ आवाजाची बाई होती. तिने सकाळपासून कुणाला टोकलं नव्हतं. तिने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या अनुभवात असा एखादा प्रसंग आला आहे का, की बंदूक जवळ नव्हती म्हणून फरक पडला?"

मी काढून टाकलेलंच ती मागत होती. त्या अनोळखी बाईने काकांसाठी दार उघडून धरलं होतं.

काकांनी स्क्रीनवरची नजर उचलली आणि लॅपटॉपवरून माझ्याकडे पाहिलं. भुवया जराशा वर. सांगू?

मी मान हलवली. नाही.

अगदी थोडी. कुणाला दिसलीही नसती. ज्याला दिसायला हवी त्याला दिसली.

"नथिंग इन पर्टिक्युलर," काका म्हणाले.

बाईंनी पुढच्या साक्षीदाराचं नाव घेतलं.

लॅपटॉप मिटून काकांनी टाय सैल केला. "ठीक झालं ना गं?"

"मस्त झालं, काका."

त्यांनी सांजा केला. मी दोनदा घेतला. तो घशाखाली कसा उतरला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

त्या मसुद्याचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही, कारण त्यामागे लपायला मला आवडेल. एका साक्षीनं काय फरक पडला असता? ते दिवसच तसे होते ना? कायदा चांगला होता ना? हे सगळे प्रश्न मी वर्षभर ढालीसारखे पुढे धरले. प्रत्येक वेळी ढालीमागे तीच मान होती, नाही म्हणून हलणारी.

काकांना मात्र फरक पडला. काही आठवड्यांनी आम्ही पार्कमध्ये फेरी मारत होतो. विषय निघाला नव्हता, त्यांनीच काढला. "खरं म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष काही नव्हतंच," ते म्हणाले. "उगाच त्यांचा वेळ घेतला." मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. चौथ्या कागदावरच्या ज्या दुपारीने त्यांना आयुष्यभर छळलं होतं ती विशेष नव्हती, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं.

त्यानंतर ते नदीपलीकडे गेले नाहीत. परवाना परत केला, रायफल जमा केली. मला फोन करून सांगितलं, "कॉम्रेड, जिंकलीस. पेटी रिकामी." मी अभिनंदन केलं. हो, अभिनंदन. सीमा उघडल्या तसं घर विकून ते मुलीकडे पर्थला गेले. अजून माझी पत्रकं वाचतात. "पहिला परिच्छेद झकास," असं कळवतात. त्यानंतर एकही पत्रक मी विरोधकाच्या परिच्छेदाशिवाय काढलेलं नाही, आणि त्याचं कारण बाबांचा नियम आहे असं सगळे समजतात. बाबाही.

निळ्या शाईचा कागद माझ्याकडेच राहिला. काकांनी मागितला नाही आणि मी दिला नाही. काल तो उतरवून घेऊन पोस्टाने त्यांना पाठवला, सोबत इथवरचा सगळा मजकूर. उत्तर यायची वाट न बघता छापते आहे, कारण ते 'जाऊ दे गं' म्हणतील आणि मी जाऊ देईन.

हा तो परिच्छेद. लोकांनी ऐकावा म्हणूनच त्यांनी लिहिला होता. एक शब्दही बदललेला नाही.

"मला बंदूक आवडत नाही. मुलगी लहान होती तेव्हा मी ती घरात ठेवत नसे. तसा कायदा नव्हता, मी आपणहून ती क्लबच्या तिजोरीत ठेवली होती. एका दुपारी नदीपलीकडून एका वयस्क बाईंचा फोन आला. त्यांची घोडी ओढ्यात उतरताना तारेच्या कुंपणात अडकली होती. पुढचा पाय मोडून हाड बाहेर आलं होतं. ती इतकी तडफडत होती की शेवटचं इंजेक्शन घेऊन जवळ जाता येईना. दोनदा गेलो, दोनदा लाथ बसली. बाईंच्या घरी बंदूक नव्हती, शेजारी कुणी नव्हतं. मी क्लबकडे निघालो. क्लब बंद होता. किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस शोधावा लागला. परत पोचायला सव्वातीन तास लागले. येताना सगळ्या रस्त्यात मी एकच मागत होतो, की मी पोचेपर्यंत ती मेलेली असू दे. ती मेली नव्हती. बाई काठावर बसून तिच्याशी बोलत होत्या. मला बघून त्या ओरडल्या नाहीत. 'आलात,' एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी बंदूक घरी आणली. ती घरात आहे याची मला रोज भीती वाटते. तुम्ही कायदा जरूर करा. पण ते सव्वातीन तास कुणी सोसायचे, तेही त्यात लिहा."

मला माफी नको, समजून घेणंही नको. एवढंच करा. हा परिच्छेद एकदा मोठ्याने वाचा, ज्याचं मत माझ्यासारखंच आहे अशा कुणाला तरी समोर बसवून. आणि वाचून झाल्यावर, तो काही बोलेपर्यंत, मान हलवू नका.