एकटीचा फोटो

चाळीस वर्षं आपल्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांना "हनुवटी जरा वर" सांगून सांगून त्याचं नावच हनुवटीवाले पडलं. फोटो असा काढायचा, की पापणीचा केस न् केस मोजून घ्या. लेन्सचं कडं हाताने फिरवायचा आणि ऑटोफोकसवाल्यांना नाक मुरडायचा. "यंत्राला काय कळतंय, माणूस कुठला न् खुर्ची कुठली?"

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बरं, सांगावं ना कुणाला! छे. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून हा मूग गिळून बसला, आणि गुपचूप एक जुना ऑटोफोकस कॅमेरा घेऊन आला. बटण अर्धं दाबलं की कॅमेरा स्वतःच काहीतरी हेरतो, 'पीप' करतो, आणि जे हेरलं त्यावर लाल ठिपका पेटतो. ठिपका याला दिसायचा नाही. पीप ऐकू यायचं. त्याच्या भरवशावर पासपोर्टचे फोटो निघत होते.

अशात एक दिवस थोरली बहीण स्टुडिओत आली. जबड्यात गाठ होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि अर्धा जबडा काढावा लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"माझा धड एक फोटो नाही रे," ती म्हणाली. "सगळ्यांत आपली कडेला, नाहीतर अर्धी. हे तोंड उद्या राहणार नाही. एकदा नीट काढून ठेव. एकटीचा काढ."

"काढतो ना, ताई."

त्याने तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले. चेहरा तेवढा उठून दिसावा, मागचं सगळं पुसट व्हावं, म्हणून लेन्स पूर्ण उघडली. तेवढ्यात बाहेर फोनवर बोलणारे भावोजी आत आले. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट.

"एकटीचा कसला? मी काय मेलोय?" म्हणत ते बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले.

ताईने भावाकडे बघितलं. भावोजी, पाच मिनिटं बाहेर बसा, एवढंच म्हणायचं होतं. पण या माणसापुढे याची जीभ तीस वर्षांत कधी उचललीच नव्हती. लग्नानंतर सहा महिन्यांत ताई रडत घरी आली, तेव्हा 'जरा सांभाळून घे' म्हणत तिला परत पोचवणाराही हाच शहाणा.

"हनुवटी जरा वर, ताई," तो म्हणाला. पीप वाजलं. त्याने बटण दाबलं. मागच्या छोट्या स्क्रीनवर त्याला सगळं सारखंच धूसर दिसलं, तरी म्हणाला, "छान आलाय."

दहा दिवसांनी मोठी प्रिंट पाकिटात घालून तो हॉस्पिटलात गेला. पाकीट भावोजींनीच उघडलं.

"वा! पट्टा न् पट्टा दिसतोय. मिशीसुद्धा काय आलीये!"

याने प्रिंट खिडकीशी नेऊन नाकाला लावली तेव्हा कुठे दिसलं. कॅमेऱ्याने ठळक पट्टे बघून शर्ट धरला होता. पुढे बसलेल्या ताईचा चेहरा वाफ धरलेल्या काचेमागे असावा तसा होता.

ताईने हात पुढे केला. द्यावीच लागली. ती बराच वेळ बघत राहिली. तोंडावर पट्ट्या, बोलता येत नव्हतं.

"कॅमेऱ्याने घोळ घातला, ताई. आपण परत काढू," तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

तिने उशाची वही ओढली, लिहिलं आणि पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यांशी नेलं. 'कॅमेऱ्याला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं होतं. एकटीचा काढ.'

"काय म्हणतेय?" भावोजींनी विचारलं.

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ताई त्याच्याकडेच बघत होती.

"काही नाही, भावोजी," तो म्हणाला. "फोटो आवडला म्हणतेय."