उत्तरेकडे जाणारी तार

कोणी नकाशा समोर ठेवला की ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या, पेनाचं टोपण नकाशावर एका जागी ठेवायच्या, खोडरबर दुसऱ्या जागी, आणि विचारायच्या, "वीज इथे आहे. माणसं तिथे आहेत. मधे काय आहे?"

मधे काय आहे, हे आमच्या धंद्यात सहसा कोणी बघत नाही. मधे डोंगर असतात, जंगल असतं, खाडी असते आणि त्यांवरून जाणारी एखादी दमलेली तार असते. स्लाइडवर यातलं काही दिसत नाही. स्लाइडवर बाण असतो.

आमची सल्लागार कंपनी सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या एका उंच इमारतीत आहे. आसपासच्या देशांची सरकारं आम्हाला त्यांच्या विजेच्या बाजाराचे नियम लिहायला सांगतात. सिंगापुरात दिवे फारसे जात नाहीत, त्यामुळे आम्ही काहीही बोललो तरी त्याला वजन येतं. ताई इथल्या वरिष्ठ इंजिनिअर. मी अहवालांचं इंग्रजी सरळ करणारा माणूस. म्हणजे त्या जे बोलायच्या ते मी कोणी दुखावणार नाही असं करून द्यायचो.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. पर्समध्ये लायसन्स, चाव्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची डबी. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, नूडल्सची वाटी आली की ही डबी उघडायची. स्टॉलवरच्या चिनी आंटीने एकदा नाक मुरडून चव घेतली. नंतर ती ताईंना नूडल्स द्यायच्या आधी चटणीसाठी तळहात पुढे करायची. "एवढ्या वर्षांत मी निर्यात केलेली ही एकच गोष्ट उपयोगी पडली," असं ताई म्हणायच्या. सुरुवातीला मला हा विनोद वाटायचा.

त्यांनी मला कपॅसिटी मार्केट समजावलं ते तिथल्याच एका टेबलावर. वीज विकत घेणं वेगळं आणि 'गरज पडली तर वीज देऊ' हे वचन विकत घेणं वेगळं. या वचनांचा लिलाव म्हणजे कपॅसिटी मार्केट. "लग्नाला आचारी बांधून ठेवतात ना, तसं," त्या म्हणाल्या. "पाहुणे येवोत न येवोत, त्याला अडवून ठेवल्याचे पैसे द्यायचे."

"मग अडचण कुठे येते?"

"मांडव घाटाच्या अलीकडे, आचारी पलीकडे, आणि घाटातून एका वेळी एकच बैलगाडी जाते. आचारी म्हणतो, माझा स्वयंपाक तयार आहे. खोटं नसतं ते. पाहुणे मात्र उपाशी."

हे त्या हसत सांगत होत्या. पण वाटीतल्या नूडल्स तशाच राहिल्या.

पुढचं कळायला आमच्या धंद्याची एक रीत माहीत हवी. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला गृहीतकांचं एक प्रकरण असतं. ते कोणी लिहीत नाही. मागच्या अहवालातून उचलतात. पहिल्या मसुद्यातलं गृहीतक म्हणजे भाड्याच्या घरातला खिळा. ठोकणारा निघून जातो, आणि पुढचा भाडेकरू त्यावर कॅलेंडर लावतो.

असा एक खिळा ताईंनी ठोकला होता. एका देशासाठी नियम लिहिताना त्यांनी हिशोब सोपा व्हावा म्हणून एक ओळ घातली: वीज देशात कुठूनही कुठेही अडथळ्याविना जाऊ शकते असं धरलं आहे. पुढच्या मसुद्यात काढायची होती. मग तारीख जवळ आली, सरकार घाईत होतं, आणि ती ओळ कायद्याच्या जोडपत्रात जाऊन बसली. देशाचं नाव मी सांगत नाही. कराराने आमची तोंडं बांधलेली आहेत.

लिलाव झाला. दक्षिणेत जमीन स्वस्त, गॅस जवळ. तिथल्या वीजकेंद्रांनी स्वस्तात वचनं दिली आणि सगळं जिंकलं. उत्तरेतलं जुनं, महागडं केंद्र हरलं आणि बंद पडलं. उत्तरेकडे जाणारी तार एकच होती. उन्हाळा आला, ती तार भरून गेली, आणि उत्तरेत दुपारच्या दुपारी वीज जायला लागली. दक्षिणेतली केंद्रं त्या वेळी सज्ज उभी होती. सज्ज उभं राहण्याचे पैसे त्यांना वेळेवर मिळत होते. कोणीही नियम मोडला नव्हता. सगळे नियमाप्रमाणे वागत होते, आणि तो नियम ताईंचा होता.

सरकारने पाहणीसाठी आम्हालाच बोलावलं. ज्याने भिंत वाकडी बांधली त्यालाच ओळंबा घेऊन बोलवायचं, अशी आमच्या क्षेत्रातली पद्धत आहे, आणि दोन्ही वेळचं बिल निघतं.

उत्तरेत एका बंदराच्या गावी आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालकीण पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर टॉवेल. मच्छीमारांना बर्फ पुरवणं हा तिचा धंदा. वीज गेली की साच्यातलं पाणी गोठत नव्हतं; बर्फ नाही म्हणून होड्या दुसऱ्या बंदराला जायला लागल्या होत्या. कामावरच्या बायकांना तिने घरी पाठवलं होतं. त्यातली एक तिची सख्खी बहीण होती, आणि ती तिच्याशी बोलत नव्हती. हे सगळं तिने आमच्या ड्रायव्हरमार्फत सांगितलं, तक्रार न करता, आपल्याकडे पावसाविषयी सांगतात तसं. मग शेजारून शहाळी मागवली आणि आमच्या हातात दिली.

"म्हणतेय, सिंगापूरहून तज्ज्ञ आले, आता होईल नीट," ड्रायव्हर म्हणाला.

ताईंनी शहाळं दोन्ही हातांत धरलं होतं. प्यायल्या नाहीत. खाली बर्फ झाकायच्या ओल्या भुशाकडे बघत राहिल्या.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "सांगायला हवं होतं तिला."

"काय?"

"की तज्ज्ञ आधीही आले होते. ती मीच."

तुम्ही लाजलेली माणसं पाहिली असतील. आमच्या वर्तुळात ती दुर्मीळ आहेत. इथे चूक झाली की तिचं धडे, शिकवण, प्रवास असं काहीतरी होतं, आणि तिच्यावर चहापानासह परिसंवाद भरतो. ताईंना मात्र साधी, जुन्या पद्धतीची लाज वाटत होती. इथल्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवात कोणीतरी त्यांची ओळख माइकवरून 'ऊर्जाक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ' अशी करून दिली, तर त्या आरतीच्या आधीच चपला शोधून क्वीन्सटाउनला घरी निघून गेल्या. मी मागून फोन केला. "डोकं दुखतंय," म्हणाल्या. मागून त्यांच्या मुलीचा सिंगापुरी इंग्रजीतला आवाज आला, "आई, नोबडी केअर्स, लाह!"

"तेच तर," ताई तिला म्हणाल्या. फोन माझ्या कानाला होता हे विसरून.

नवा नियम त्यांनी जीव ओतून लिहिला. देशाचे दोन विभाग. उत्तरेचा लिलाव वेगळा. दक्षिणेतल्या केंद्राने उत्तरेसाठी वचन द्यायचं तर तारेत जागा असेल तेवढंच. जी केंद्रं फक्त कागदावर उत्तरेच्या कामाची होती त्यांचे पैसे कमी. शिवाय बर्फाच्या कारखान्यासारख्या कोणी विजेवर ताण असताना आपणहून यंत्रं थांबवायची तयारी दाखवली, तर तेही वचनच समजून त्याचे पैसे. पहिल्या पानावर त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं. आमचे मोठे साहेब पार्ल्याचे, पूर्वी बँकेत होते. त्यांचे उच्चार आता कुठल्याच गावचे राहिलेले नाहीत. ते पान घेऊन ते स्वतः चालत आले.

"ताई, हे काय आहे?"

"वाक्य आहे."

"'आधीचा नियम चुकीचा होता आणि तो आम्ही लिहिला होता.' असं कोणी लिहितं का?"

"चुकल्यावर लिहितात."

"अहो, मंत्र्यांनी मंजूर केलेला नियम आहे तो. त्यांचा मान आहे की नाही?"

"मग त्यांना नका घालू मधे. माझं एकटीचं नाव घाला."

साहेब माझ्याकडे वळले. "तू जरा भाषा बघ रे."

मी भाषा बघितली. तेच माझं काम. 'बदलत्या परिस्थितीला अनुसरून नियमाचे परिष्करण' अशा अर्थाचं काहीतरी मोठं सुबक लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि कागद परत दिला. "छान लिहितोस. वाचून वाटतं की उन्हाळाच चुकला."

त्यानंतर मी काही दिवस जेवायला वेगळ्या मजल्यावर जात होतो.

जाहीर सुनावणी त्या देशाच्या राजधानीत, हॉटेलच्या दालनात होती. प्रत्येक खुर्चीला पांढरं कापड आणि मागे सोनेरी गाठ. व्यासपीठावर इतकी फुलं की मागे बसलेल्या सचिवांचे फक्त चष्मे दिसत होते. ताईंची पाळी आली. त्यांनी पहिली स्लाइड लावलीच नाही. माइक धरून म्हणाल्या, "जुना नियम मी लिहिला होता. तो चुकीचा होता. उत्तरेतली माणसं त्यामुळे अंधारात बसली. मला त्याची लाज वाटते."

मला वाटलं, आता कोणीतरी उठून विचारील: कसं झालं? कोणी तपासलं नाही? भरपाई काय? ताई दोन्ही हात टेबलावर टेकवून उभ्या होत्या, झेलायला तयार.

फुलांमागचा एक चष्मा उठला. त्याने 'धैर्य', 'पारदर्शकता' आणि 'आपला सामूहिक प्रवास' या शब्दांत ती लाज गुंडाळली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळे वाजवायला लागले. मग उभे राहिले. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

लिफ्टमध्ये ताईंचा चेहरा बघवत नव्हता. "टाळ्या वाजवल्या रे," त्या म्हणाल्या.

"चांगलंच झालं ना ताई? नियम मान्य होतोय."

"एकानेही उत्तरेविषयी एक प्रश्न विचारला नाही. मी रडगाणं गाऊन बक्षीस घेऊन आले."

नियम मान्य झाला, हे मुद्दाम सांगतो. वाईट गोष्टीत चांगलं सांगायचं राहून जातं. उत्तरेत कोणीतरी नवं केंद्र बांधायलाही घेतलं. इकडे आमच्या कंपनीने माहितीपत्रक काढलं: माइकसमोरचा ताईंचा फोटो आणि खाली, आम्ही चुका मान्य करणारी संस्था आहोत. त्यावर दोन नवी कामं मिळाली असं साहेबांनी बैठकीत सांगितलं. ताईंनी ते काढून टाका म्हणून लिहून दिलं. पुढच्या आवृत्तीत त्यांचं नाव नव्हतं, आणि फोटो पाठमोरा होता.

ताई आता इथे नाहीत. नोकरी सोडून त्या साताऱ्याला गेल्या. मुलगी इथेच आहे. जाण्याआधी आम्ही त्याच हॉकर सेंटरमध्ये शेवटचे जेवलो तेव्हा त्यांनी मला सांगितलं की मधे त्यांनी सुट्टी काढून, स्वतःच्या तिकिटाने, बर्फाच्या कारखान्यात एक फेरी मारली होती. तोच ड्रायव्हर शोधून काढला होता.

"सगळं सांगितलं तिला. ओळ कशी घातली, का घातली, काढायची कशी राहिली. ड्रायव्हर बिचारा सांगताना घाबरत होता, मला मारते की काय ती."

"रागावली?"

"नाही रे. ऐकून घेतलं. टॉवेलला हात पुसले आणि म्हणाली, बरं. मग आता तुम्हाला काय हवंय?"

आसपास ट्रे आपटत होते, कोणीतरी कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची, ऑर्डर ओरडत होतं.

"मला वाटत होतं मी काहीतरी द्यायला गेलेय. पण मला हवं होतं, तिने रागवावं नाहीतर माफ करावं, म्हणजे जे काय द्यायचं ते पुन्हा तिनेच. तिच्या कामाच्या वेळात."

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"बर्फ."

मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत.

"तोंडातून तेच निघालं. तिने पुढे काही विचारलं नाही. एक लादी काढली, पोत्यात भुसा घालून गुंडाळली, सगळ्या गिऱ्हाइकांकडून घेते तेवढेच पैसे घेतले, आणि आत गेली. होडीवाले खोळंबले होते तिचे."

गाडीत ड्रायव्हरने सीट भिजते म्हणून कुरकुर केली, तेव्हा ताईंनी ते पोतं मांडीवर घेतलं. विमानतळावर ते आत नेता येईना, आणि बाहेर टाकून द्यायला त्यांचा हात होईना. त्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पोत्यातून पाणी गळत होतं, कपड्यांवरून बुटांत, बुटांतून फरशीवर. बॅगा ओढणारी माणसं त्या ओल्या जागेला वळसा घालून जात होती. ताईंच्या विमानाची घोषणा झाली, परत झाली. पोतं अजून जड होतं.