सकाळची वीस मिनिटं

आमच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क हल्ली वीस मिनिटंच चालते. मग तापते, आतून टकटक आवाज येतो आणि पडदा निळा पडतो. मी वायरी बदलल्या, धूळ झटकली, काही उपयोग झाला नाही. दुखणं ओळखलं बायकोनं. कणीक मळता मळता म्हणाली, “अहो, गार असते तेव्हा बरी चालते. सकाळीच बसत जा की!”

तेव्हापासून रोज सकाळी चहाचे कप घेऊन आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसतो. बायको टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे वळवते आणि मी त्यातले जुने फोटो थोडे थोडे करून नव्या डिस्कवर उतरवतो. लेकीची पहिली सायकल, माझे दाट केस, अंगणातली तेव्हाची एवढीशी जास्वंद. इतकी वर्षं हे सगळं घरातच होतं, पण कधी उघडून पाहिलं नव्हतं. आता वेळ मोजका मिळतो, तर एकेका चेहऱ्यापाशी थांबतो.

आज शेवटचा फोल्डर उरला होता. दहा मिनिटं हातात होती.

“राहू दे,” बायको म्हणाली. “उद्या काय बघायचं मग?”

उद्या डिस्क चालेल याचा काय भरवसा? तरी मी कॉम्प्युटर बंद केला. पंखा मात्र डब्याकडे वळवलेला तसाच चालू ठेवला.