दारावरची पाटी

समानतेच्या मेळाव्यात गावातल्या प्रत्येक जोडप्याला दारावर लावायला पाटी मिळाली. वर बायकोचं नाव, खाली नवऱ्याचं. टाळ्या पुरुषांनीच जास्त वाजवल्या, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठवड्याने पुन्हा त्या गावी गेले. पाट्या लागल्या होत्या, पण सगळ्या सुतळीने टांगलेल्या. वारा आला की पालथ्या होत.

"खिळे का नाही मारले?" ओसरीवर बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं.

"नवा रंग दिलाय, ताई. भिंतीला भोकं कशाला?"

त्याच भिंतीवर त्यांचे वडील, आजोबा आणि घड्याळ जाड खिळ्यांवर निवांत होते.

आतून बायकोचा आवाज आला, "खिळा केव्हाच आणून ठेवलाय मी. ह्यांना हातोडी सापडत नाही."

सुतळीवरची समानता! परतताना बसमध्ये मी हे शब्द मनात घोळवत होते, जरा खुशीतच.

घरी पोचले, कुलपाला किल्ली लावली. समोर आमची पितळी पाटी, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली. तिच्यावर एकच नाव, ह्यांचं. दर दिवाळीला चिंच लावून ती मीच लख्ख घासते.