माझ्या हातचा चोक

नवऱ्याचे दात आवळलेले होते आणि मान मागे गेली होती. डावा हात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या कडेला, उजवा हात मी गुंडाळलेल्या चोकवर, आणि दोन्ही सुटत नव्हते. तोंडातून बारीक घरघर येत होती. प्लग त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होता आणि मधे तोच उभा. सासू ओरडली, "अगं धर की त्याला, ओढ!" आणि स्वतःच पुढे झाली. मी तिला कोपराने ढकललं. तिने धरलं असतं तर तीही चिकटली असती. जेवायचा पाट भिंतीला टेकवलेला होता. तो उचलला आणि कडेने नवऱ्याच्या उजव्या कोपरावर हाणला. सुटला नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी हाणला तेव्हा हात सुटला आणि तो पोत्यासारखा मागे पडला. मी प्लग उपटला.

तो श्वास घेत होता. सासूने कांदा बुक्कीने फोडला आणि नाकाशी धरला. थोड्या वेळाने डोळे उघडले. पाणी मागेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तुझी कॉइल फुटली."

दुपारची वेळ होती. दुसऱ्या दिवशी गावची यात्रा होती.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते. आम्ही कासारवाडीत राहायचो. माझं माहेर तळवड्याचं, चौथीपर्यंत शाळा. नवरा लढाईच्या काळात लष्कराच्या डेपोत वायरलेस दुरुस्तीला होता. ते काम संपलं तेव्हा एका कारखान्यात प्रेसवर लागला, आणि दीड वर्षात प्रेसने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. कारखान्याने त्याला फाटकावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, डाव्या हाताने. ज्याने लढाईत वायरलेस बोलते केले तो दिवसभर स्टुलावर बसून माशा हाकायचा. घरी येऊन बोलायचा नाही. मला त्याचं न बोलणं आवडत नव्हतं, पण मी समजूत घालणाऱ्यातली नाही.

मग शेजारच्या पिठाच्या गिरणीला वीज आली आणि गिरणीवाल्याने आम्हाला एक तार दिली. नवऱ्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी भंगार आणायला सुरुवात केली. व्हॉल्व्ह म्हणजे वायरलेसमधले काचेचे दिवे, सॉकेट, पत्रा. म्हणाला, लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर घरी करतो. तो चालला तर लग्नं, यात्रा, सभा, फाटक सोडता येईल. दरवर्षी आमच्या यात्रेला पुण्याहून भोंगेवाला यायचा. गावच्या पंचांनी सांगितलं, यंदा तुझा लाव, पण वाजला पाहिजे.

सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. चोक. चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते नसलं किंवा वाईट असलं तर भोंग्यातून माणसाच्या आवाजाआधी घूंऽऽ असा आवाज येतो, मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखा. ते विकत मिळायचं, पण हव्या त्या मापाचं नाही. गुंडाळायचे तर साडेतीन हजार वेढे, एकाला एक चिकटून, वेढ्यावर वेढा न चढवता. दोन बोटांनी ते होत नाही. तार धरायला बोटं लागतात आणि ताण कळायला बोटांची टोकं लागतात. त्याने चार दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी तारेचं रीळ अंगणात फेकलं. मी ते उचलून आणलं. म्हटलं, "किती वेढे ते सांगा."

"तुला नाही जमायचं."

"शेवया जमतात ना? तुम्ही खाता त्या."

पाटावर शेवई वळताना पीठ किती ओढायचं आणि कुठे सैल सोडायचं हे हातालाच कळतं. जास्त ओढलं तर तुटतं, कमी ओढलं तर शेवई जाड होते. तारेचं तसंच होतं. त्याने जुन्या सायकलचं पायडल आणि चेन फळीवर बसवून फिरकी केली. मी उजव्या हाताने पायडल फिरवायची, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. शंभर वेढे झाले की एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत. एक थर पूर्ण झाला की बटर पेपर, त्यावर पुढचा थर. पहिला चोक बिघडला, कारण बाराव्या थरावर कोणीतरी दार वाजवलं आणि मी मान वर केली. तो सगळा उलटा सोडवला. दुसऱ्या वेळी दाराला कडी लावली. सासू बाहेरून म्हणायची, "आतमंदी काय बाळंतीण हाय का?" मी पायडल फिरवत राहायची. अकरा दिवस लागले, कारण स्वयंपाक आणि पाणी काही थांबत नाही. पस्तीस चिंचोके दुसऱ्या वाटीत गेले. शेवटच्या थरावर वार्निश देऊन उन्हात वाळवला. नवऱ्याने मीटर लावून बघितलं. मीटर परत लावला. मग म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्याकडून एवढंच यायचं.

पट्ट्या फणीसारख्या असतात, तीन दात्यांच्या. त्या त्याने एक इकडून एक तिकडून ठोकून बसवल्या. पत्र्यावर जागा उरली नव्हती म्हणून चोक शेजारच्या लाकडी फळीवर बसवला. दुपारी पहिल्यांदा चालू केला. व्हॉल्व्ह तापले, आणि चोकच्या पट्ट्या बारीक कंप पावायला लागल्या, टीनच्या डब्यात माशी अडकावी तशा. पट्ट्या सैल असतील म्हणून त्याने डाव्या हाताने पत्र्याची कड धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी लोखंड दाबलं. पुढचं वर लिहिलंय.

तासाभरात बातमी गावभर झाली. पंचांतले एक म्हातारे दारात आले. खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "राव, जीव हाय न्हवं? मग पुन्याच्या भोंगेवाल्याला सांगावा धाडू का? उद्या कुस्त्या हायेत. फडात आवाज न्हाई पोचला तर पब्लिक आमालाच धुईल."

नवरा छताकडे बघत म्हणाला, "धाडा."

म्हातारे माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी गुंडाळलं व्हतं म्हनं ते. तार व्हती का लोकर?"

"लोकर असती तर हे चिकटले नसते," मी म्हटलं. "सांगावा संध्याकाळपर्यंत थांबवा. शेवटच्या गाडीनं माणूस पाठवला तरी तो भोंगेवाला सकाळी येतो."

"कशापायी थांबवू?"

"माझी कॉइल फुटलेली नाही."

नवरा खाटेवरून म्हणाला, "अगं मला धक्का बसला! लोखंडात तीनशे व्होल्ट आले. आतली तार लोखंडाला लागल्याशिवाय येतील का?"

मला विजेतलं त्याच्याएवढं कळत नव्हतं. पण त्या खोलीत वास होता, आणि वास मला कळतो. वार्निश करपलं की घशाला लागतं. पहिल्या बिघडलेल्या चोकची वार्निशाचा लेप असलेली तार मी चुलीत टाकली होती, तो वास मला पाठ होता. हा तो नव्हता. ही हळद करपली होती. चुलीवर काही नव्हतं.

मी म्हाताऱ्यांना दारातच बसवलं. बंद केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही वीज साठून राहते आणि ती आधी मारावी लागते, हे नवऱ्याने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वीज साठवणाऱ्या कंडेन्सरच्या दोन टोकांना लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर लावला. फटकन ठिणगी उडाली. सासू म्हणाली, "गेली आता ही बी." मग चोक खिडकीच्या उजेडात नेला.

चोकच्या वरच्या अंगाला, जिथे तारेचं टोक बाहेर काढून पितळी पट्टीला कथिलाचा डाख दिला होता, तिथे हळदकुंकवाचं बोट होतं. टोकापासून लोखंडापर्यंत ओढलेलं. मधली रेघ काळी झाली होती, कडेला अजून लाल होतं.

ते बोट माझंच होतं. सकाळी सासू म्हणाली होती, "नवी वस्तू हाय. पैल्यांदा चालू करताना तरी बोट लाव, त्यात काय जातं तुझं?" नांगर घ्या, उखळ घ्या, शिवणाचं मशीन घ्या, आमच्याकडे हळदकुंकवाशिवाय काही सुरू होत नाही. दुपारी चालू करायच्या वेळी मला घाई होती. मी पाण्यात बोट बुडवलं, हळदीत आणि कुंकवात घातलं आणि चोकला लावलं. सासू कुंकू घरीच करायची, हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून. ओलं असताना त्यातून वीज जाते, आणि ते सुकायच्या आत नवऱ्याने बटण दाबलं होतं. माझ्या अकरा दिवसांच्या कामात चूक नव्हती. चूक एका बोटाची होती आणि तेही माझंच. मी ते तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. लपवलं असतं तर चोकवर आळ राहिला असता.

सासू खाली बसली. "म्या सांगितलं तुला," ती म्हणाली. "माझ्यापायी माझा पोरगा..."

"लावलं मी. तुम्ही पुण्य मिळवायला सांगितलं, मी घाईत टोकावर फासलं. रडू नका, कापूस आणा."

स्पिरिटने ते पुसलं, वरचा काळा झालेला वार्निशचा पापुद्रा नखाने खरवडला. खालचा कागद कोरडा होता, तार चकचकीत होती. नवं वार्निश दिलं आणि चोक उन्हात ठेवला. नवरा भिंतीला धरत उठून आला. मीटर लावला. काटा बघितला आणि पुन्हा एकदा लावला. पट्ट्या परत ठोकून घट्ट केल्या. या वेळी त्या मीच ठोकल्या, त्याचं कोपर सुजलं होतं.

पाचच्या सुमाराला चालू केला. त्याने आधी बल्बच्या वायरीने लोखंड तपासलं. बल्ब लागला नाही. तरी कोणी हात लावेना. पंचांतले म्हातारे दारातून उठून अंगणात गेले. मी डावा हात पत्र्यावर ठेवला आणि उजव्या हाताची सगळी बोटं लोखंडावर ठेवली. नवरा म्हणाला, "अगं ए!" लोखंड कोमट होतं. एवढंच.

मी त्याला म्हटलं, "आता बोला काहीतरी."

त्याने माइक तोंडाशी धरला आणि त्याला काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणाला, "हॅलो. चहा ठेव." भोंगा कौलांवर बांधलेला होता. चहा ठेव हे रेल्वे स्टेशनपर्यंत ऐकू गेलं. पोळ्याचा आवाज अजिबात नव्हता. अंगणातून म्हातारे म्हणाले, "वैनी, घुमत न्हाई वो!"

"मग घुमणार कशाला? लोकर आहे ना," मी म्हटलं.

सांगावा गेला नाही. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत आमचा भोंगा वाजला. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याशेजारी पोत्यावर बसले होते. बायका फडाच्या जवळ जात नव्हत्या तेव्हा. कोणी बोललं नाही, कारण मी उठले तर डबा बंद पडेल असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते खोटं होतं.

पुढे नवऱ्याने फाटक सोडलं. माझ्याकडे पुण्याचे दोन दुकानदार चोक आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला द्यायला लागले. त्यातल्या एकाने पहिल्यांदा विचारलं होतं, मिस्त्री कुठे आहेत. मी म्हटलं, समोर आहे. किती गुंडाळले ते मोजले नाही. एकही घुमत परत आला नाही. हळदकुंकू मी नंतरही लावलं, पण डब्याच्या लाकडाला, तारेपासून वीतभर लांब, आणि सुकल्याशिवाय बटण कोणाला दाबू दिलं नाही.

नवऱ्याचं कोपर पावसाळ्यात दुखायचं. दुखलं की तो पाटाकडे बघायचा.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो, सासू, नवरा आणि मी. तिघंही जगलो.