काकूला न समजलेला पूल

काका वारले तो रविवार होता. वाशीमचा बाजार भरला होता. दुपारी आम्ही त्यांना नेलं. संध्याकाळी ओट्यावरच्या खुर्चीत कोणी नव्हतं.

साहेबाशी इंग्रजीत कसं बोलावं, हे अख्ख्या वऱ्हाडात एकट्या काकांनाच कळलं होतं; निदान काकांचं तसं ठाम मत होतं. आमचे हे शेजारी बांधकाम खात्यात नकलनवीस होते. जन्मभर त्यांनी पुलांच्या कागदांच्या नकला केल्या. स्वतः एकही पूल बांधला नाही, त्यामुळे त्यांचा एकही पडला नाही. या निष्कलंक कीर्तीच्या जोरावर ते उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा इंजिनिअरिंगच्या पोरांना ओट्यावर बसवून बोलणं शिकवत. गरज होतीच. केनवड-शिरपूरकडची आम्ही पोरं गणितात वाघ, पण तोंडी परीक्षेला गोरा प्रोफेसर दिसला की आमची शेळी होई. मी तर मराठीतही मुका. तोंडीत एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो असतो तर कॉलेजातून नाव कटणार होतं.

काका स्वतः साहेब होत. धोतरावर हॅट, गालात तंबाखू. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालायची हे आमच्या हाडात मुरलेलं, आणि साहेब तर खवळलेला. "अबे बापू, माह्या डोयाकडं पाह्य! खाली काय पेरून राह्यला?"

त्यांचा नियम असा, की पूल आधी वऱ्हाडीत काकूला समजवायचा, मग इंग्रजीत साहेबाला. काकू चुलीपाशी भाकरी थापत ऐके आणि शेवटी म्हणे, "मले नाई समजलं. पडत काहून नाई तो? पुन्ना सांग." आम्ही पुन्हा सांगायचो. दिवेलागण होई. "इचं डोस्कं म्हंजे काया दगड!" असं म्हणत काका इंग्रजी सुरू करत.

परीक्षेत मला कमानीचा पूल विचारला. मी प्रोफेसरच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सवयीने बोलून गेलो, "काकू, एक गोटा दुसऱ्याले रेटून राह्यला, म्हनून दोघंबी पडत नाईत." साहेब थांबला. म्हणाला, आता माझ्यासाठी सांग. मी इंग्रजीत सांगितलं, न अडखळता. पास झालो. काकांनी गावभर सांगितलं की तो प्रोफेसर त्यांच्याच पद्धतीने शिकवतो.

तेरावं झाल्यावर मी काकूला विचारलं, "पूल कधी समजलाच नाही का गं?"

"पह्यल्याच दिशी समजला बापू. पन हो म्हनली असती तं तुमी पोट्टे उठून गेले असते. मंग तुह्या काकायनं कोनाशी बोलाव?"

हॅट माझ्याकडे आहे. खुर्ची ओट्यावरच आहे. सुटीत मी गावी जातो, चुलीपाशी बसतो आणि काकूला पूल सांगतो.