औंढ्याला मायने फेडलेला नवस

माझ्या लेकीचा नांदेडच्या मेडिकलला नंबर लागला, तेव्हा घरात सगळ्यात शांत होती ती माझी माय. पेढा अर्धा तोंडात धरून ती म्हणाली, "आता औंढ्याला चला. नागनाथाला बोलले हाय मी."

काय बोलली, ते तिने सांगितलं नाही. नवस फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो, आणि मायच्या पोटातली गोष्ट काढून घेणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

क्लासची दोन्ही वर्षं ती नातीसोबत लातूरला राहिली. पोरगी दिवसभर क्लासला, माय खोलीवर स्वयंपाकाला. खोली बघायला गेलो तेव्हा स्लॅबच्या चांगल्या हवेशीर खोल्या तिने एकामागून एक नापास केल्या आणि गच्चीवरची पत्र्याची खोली धरली. उन्हाळ्यात पोरगी डोक्याला ओला पंचा गुंडाळून फिजिक्स करायची. कुणी काही म्हटलं की मायचं ठरलेलं उत्तर, "उकडू दे. पत्रा अंगावर पडला तर मानूस मरत न्हाई."

भूकंपात किल्लारीजवळचं आमचं दगडामातीचं घर बसलं, तेव्हा माय आत होती. मी अंगणात झोपले होते म्हणून वाचले. उजाडल्यापासून दुपारपर्यंत ढिगाऱ्यावर बसून मी हाका मारत होते, आतून एकदाही ओ आली नाही. लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा जीव होता, एवढंच. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा अवाक्षर बोलली नाही. माझ्या हाका तिच्यापर्यंत पोचल्या होत्या का, हे विचारायचं धाडस मलाही कधी झालं नाही.

तर औंढ्याला गेलो. नांदेडात इतकी वर्षं राहून मीही पहिल्यांदाच जात होते. आमचे हे शाळेत इतिहास शिकवतात, त्यामुळे जुनं देऊळ दिसलं की त्यांना चेव येतो. रांगेत उभ्या उभ्या भिंतीवरचे हत्ती दाखवत त्यांनी मायला देवळाची कथा सांगितली. एक संत देवासमोर भजनाला उभे राहिले. पुजारी म्हणाले, इथं वाट अडते, मागं जा. ते बिचारे मागं गेले आणि रडत रडत गायला लागले. तेव्हा देवानं अख्खं देऊळच फिरवलं आणि तोंड त्यांच्याकडे केलं. "म्हणून तर दार पश्चिमेला आहे," हे म्हणाले, "आणि नंदी मागंच राहून गेला."

"नंदीला कुनी सांगितलं नसंल," माय म्हणाली. रांगेतले लोकही हसले.

एवढा इतिहास सांगितला, पण पिंड जमिनीखाली आहे हे सांगायचं मात्र ह्यांच्याकडून राहून गेलं.

आत रांग एका अरुंद तोंडाशी येऊन संपली. तिथून खाली दगडी पायऱ्या, त्याही वाकून उतरायच्या. पुढच्या बाईचं डोकं खाली गेलं आणि दिसेनासं झालं. मायने एक पाय टेकवला आणि परत घेतला.

"आज्जी, मी पुढं होते, तू माझा खांदा धर," लेक म्हणाली.

"माझ्याच्यानं व्हत न्हाई." मग तो नवस आपोआपच बाहेर पडला. "पिंडीला हात लावून नारळ ठेवीन म्हनले व्हते गं. ह्यो खाली बसलाय, मला काय ठावं! आता फिटला न्हाई, तर पोरीच्या शिक्षनाला आडवं येईल."

मी म्हटलं, दे इकडे, तुझ्या नावानं मी ठेवते. तिने नारळ पदराखाली घेतला. "नवस माझा हाय. तुमी जाऊन या." आणि गर्दीतून वाट काढत ती बाहेर गेली.

मला ह्यांचा राग आला, देवाचाही आला. खाली जेमतेम बसण्यापुरती जागा, ओल्या बेलाचा वास, समईचा उजेड. पिंडीला हात लावून मी लेकीसाठी काहीच मागितलं नाही. मायच्या जिवाला हा घोर लागू देऊ नकोस, एवढंच म्हटलं.

वर येऊन शोधलं तर माय देवळाच्या मागच्या अंगाला, नंदीपाशी, उघड्यावर बसलेली. नारळ फोडून झालेला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर खोबरं ठेवत होती, आणि चेहरा असा निवांत की मी बघतच राहिले.

"काय केलंस गं?"

"फेडला की. मागच्या भिंतीला हात लावला आन् त्याला म्हनलं, त्यांच्यासाठी फिरलास, माझ्यासाठी नगं फिरू. तू आत ऱ्हा, मी बाहेरूनच बोलते."

लेक हसली. "पण आज्जी, तो इतक्या खाली, एवढ्या दगडांच्या आत. त्याला ऐकू तरी गेलं असेल का?"

"न जायला काय झालं?" माय म्हणाली. "आतल्याला बाहेरचं समदं ऐकू येतंय, बाय. ही तुझी आई दुपारपतुर माझ्या डोक्यावर बसून माय माय करून वरडत व्हती. एकूनएक हाक ऐकली मी. तोंडात माती व्हती, म्हनून ओ देता आली न्हाई."

तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि तिथेच, सगळ्यांदेखत, पोटभर रडले. ऐकू गेलं होतं तिला.